‘चार्ज’ म्हणजे मुळात गाडी भरणं

कोल्हापुरातला कुठलाही पेपर उघडा. पहिल्या पानावर मोर्चावर लाठीचार्ज झालेला असतो. आतल्या पानावर कुठल्यातरी प्रकरणात चार्जशीट दाखल झालेली असते. बदली होऊन आलेल्या साहेबांनी चार्ज घेतलेला असतो, सीपीआर रुग्णालयातून जखमींना डिस्चार्ज मिळालेला असतो, आणि तळाला एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर धावणाऱ्या स्कूटरची जाहिरात असते. तेवढ्यात शेजारी बसलेला विचारतो, “चार्जर हाय काय ओ?”

मारणं, आरोप ठेवणं, खुर्चीवर बसणं, घरी सोडणं, वीज भरणं, वर हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्ज. एवढी कामं एका शब्दाकडं कशी आली? शब्दकोश अर्थांची लांबलचक यादी देतो. ती पाठ करून पोरं पेपर सोडवतात, पण कोडं तसंच राहतं. ते सुटतं एका गाडीपाशी, आणि ऊसपट्ट्यातल्या माणसाला ती गाडी वेगळी ओळखून द्यावी लागत नाही.

गॉल लोकांची गाडी

आज जिथं फ्रान्स आहे तिथं दोन हजार वर्षांपूर्वी गॉल लोक राहत. केल्टिक कुळातली भाषा बोलणारी ही मंडळी चाकाच्या गाड्या बनवण्यात पटाईत. सामानाच्या गाडीला ते ‘कार्रोस’ म्हणत. रोमन लोकांनी मुलूख जिंकला तशी गाडीही घेतली आणि तिचं नावही. लॅटिनमध्ये ते ‘कार्रुस’ झालं. पुढं उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्यावरून क्रियापद तयार झालं, ‘कार्रिकारे’. अर्थ सरळ: गाडीत माल चढवणं. आपण म्हणतो तसं, गाडी भरणं.

लॅटिन शब्दांच्या सुरुवातीचा ‘का’ जुन्या फ्रेंचमध्ये ‘चा’ झाला, त्यामुळं कार्रिकारेचं ‘चार्जिएर’ झालं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कोर्ट, वसुली हा सगळा कारभार फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हातात गेला. त्या लोंढ्यातून तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चार्ज’ इंग्रजीत उतरला. तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता: लादणं, भरणं.

नॉर्मंडीच्या बोलीत मात्र जुना ‘का’ टिकून होता. म्हणून त्याच गाडीचे आणखी शब्द दुसऱ्या दारानं आत आले. ‘कॅरी’ म्हणजे वाहून नेणं आणि ‘कार’ म्हणजे गाडी हे त्यातले. बंदरातला ‘कार्गो’ स्पॅनिशमधून आला, अर्थ लादलेला माल. ‘करिअर’ म्हणजे मुळात गाडीवाट. आणि ‘कॅरिकेचर’ म्हणजे व्यंगचित्र. इटालियनमध्ये त्याचा अर्थ जास्त भरलेलं, नाक आहे त्यापेक्षा दुप्पट लादलेलं चित्र.

या गाडीच्याही मागं भाषाशास्त्रज्ञ एक जुना धातू मांडतात, ‘धावणं’ या अर्थाचा. त्याच धातूपासून लॅटिनमध्ये ‘कुर्रेरे’, पळणं, हे क्रियापद झालं, आणि त्यातून आले ‘कुरियर’, ‘कोर्स’, ‘करन्सी’ आणि ‘करंट’. म्हणजे वायरमन ज्या दोन शब्दांवर दिवस काढतो, ते चार्ज आणि करंट हे चुलतभाऊ निघाले. एक गाडीकडून, दुसरा पळण्याकडून.

गाडी भरताना जे घडतं, त्यातच सगळे अर्थ आहेत

फडातून ऊस निघतो तेव्हा काय होतं ते जवळून बघू. तोडलेला ऊस साळून, वाडं छाटून, मोळ्या बांधल्या जातात. मोळी डोक्यावर घेऊन माणूस फळीवरून ट्रॉलीत चढतो आणि टाकतो. बैलाच्या टायरगाडीत दोन-अडीच टन माल बसतो. भरताना तोल सांभाळावा लागतो. मागं जास्त पडला तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांना ओढायला पकडच मिळत नाही. पुढं जास्त पडला तर सगळं वजन बैलांच्या मानेवर येतं. भरून झालं की दोर टाकून आवळायचं आणि गाडी गाडीवानाच्या ताब्यात. कारखान्यावर काटा होतो, भरलेल्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं, आणि उसाच्या हिशेबातून तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो.

आता यातल्या एकेका गोष्टीवर बोट ठेवा.

गाडीत माल टाकला, तो भार झाला. हा चार्जचा पहिला अर्थ. भार कुणाच्या तरी मानेवर येतो, म्हणून चार्ज म्हणजे ओझं. माल गाडीवानावर सोपवला, तो नीट पोचवणं हे त्याचं काम, म्हणून चार्ज म्हणजे जबाबदारी. ‘इन-चार्ज’, ‘चार्ज घेतला’ हे इथून आलं; साहेब खुर्चीवर बसला असं आपल्याला दिसतं, शब्द मात्र सांगतो की त्याच्या गाडीत माल टाकला गेला. वाहतुकीचे पैसे कुणाच्या तरी नावावर टाकले जातात, म्हणून चार्ज म्हणजे आकारलेली रक्कम. आणि वाटेत माल कमी भरला तर तो दोषही कुणाच्या तरी माथी टाकला जातो. तो झाला आरोप.

पैसे आणि आरोप हे दोन्ही अर्थ इंग्रजीत पंधराव्या शतकात पक्के झाले. ‘माथी मारणं’, ‘गळ्यात घालणं’, ‘अंगावर टाकणं’ हे शब्द मराठीत रोज वापरणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

शिरोलीत हा अर्थ अजून जिवंत आहे

इंग्लंडमध्येही आज कुणी गाडी भरताना ‘चार्ज’ म्हणत नाही, त्यासाठी ‘लोड’ आहे. पण जुना अर्थ एका धंद्यात जसाच्या तसा राहिला आहे आणि तो धंदा कोल्हापूरचा आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात कुठल्याही फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात जा. भट्टीत टाकायच्या मालालाच तिथं चार्ज म्हणतात. “चार्ज तयार हाय काय?” म्हणजे भट्टी भरायचा माल तोलून ठेवलाय का.

क्युपोला भट्टी असेल तर वरच्या बाजूला एक दार असतं, त्याचं नाव चार्जिंग डोअर. त्यातून कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडी थरावर थर टाकले जातात. चुनखडी लोखंडातली मळी, म्हणजे घाण, पातळ करून वेगळी काढते. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत कोक नसतो. तिथल्या चार्जमध्ये पिग आयर्न, स्टीलचं भंगार आणि आधीच्या ओतकामातून उरलेले रनर-रायझर असतात. प्रमाण कास्टिंगच्या ग्रेडवर ठरतं. स्टीलच्या भंगारात कार्बन साधारण अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो आणि साध्या बिडाला ३ ते ३.५ टक्के लागतो. म्हणून भंगार वाढवलं की वरून कार्बन वाढवणारा कार्बुरायझर टाकावा लागतो. हे गणित चुकलं तर कास्टिंग ठणक होतं, मशीनवर टूल घेत नाही.

चार्ज टाकण्यात दोन चुका महागात पडतात. पहिली, ओलं किंवा तोंडं बंद असलेलं भंगार. दोन्ही बाजूंनी चेपलेल्या पाइपच्या तुकड्यात चमचाभर पाणी असलं तरी वितळलेल्या लोखंडात गेल्यावर त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. लोखंड उसळून बाहेर येतं. दुसरी चूक ब्रिजिंगची. लांब-वेडेवाकडे तुकडे भट्टीच्या तोंडाशी अडकून पूल तयार होतो. वरून बघणाऱ्याला भट्टी भरलेली दिसते, खाली थोडंसं लोखंड अडकून नको इतकं तापत राहतं आणि भट्टीचं अस्तर खातं. गाडी उलाळ होण्याचाच हा भाऊबंद: माल किती टाकला याच्याइतकंच तो कसा टाकला यालाही महत्त्व.

तोफ, बार आणि धावून जाणं

सोळाव्या शतकात युरोपात तोफा-बंदुका घरोघरी नसल्या तरी गावोगावी झाल्या होत्या. तोंडाकडून दारू ठासायची, वर गोळा घालायचा. हेही भरणंच, म्हणून त्यालाही चार्ज हाच शब्द लागला. एका वेळी ठासलेली दारू म्हणजे एक चार्ज. आजही सुरुंगाच्या कामात हाच अर्थ चालतो.

मराठीत याला शब्द आहे ‘बार’. ‘बंदुकीत बार भरला’. हा बार फारसीतून आला आणि फारसीत ‘बार’ म्हणजे ओझं, लादलेला माल. मार्केट यार्डात पोत्याला ‘बारदान’ म्हणतात त्यातही हाच बार आहे. म्हणजे इंग्रजीनं बंदुकीला जी गाडीची उपमा लावली तीच फारसी-मराठीनंही लावली, एकमेकांना न विचारता. पुढं आपण तो बार बंदुकीतून गालात आणला. तंबाखू मळून, चुना झटकून ओठाखाली ठेवली की ‘बार भरला’. आणि लग्न उरकलं की ‘बार उडवला’.

याच सोळाव्या शतकात ‘चार्ज’ला शत्रूवर तुटून पडणं हा अर्थ आला. जोडणारे दोन धागे सांगितले जातात: एक, हत्यार भरून सज्ज करणं, दुसरा, घोडेस्वारानं भाला आडवा करून रोखणं. दोन्हींत हत्यार तयार करणं आणि धावून जाणं यांत अंतर फार थोडं होतं, शब्द तेवढं अंतर सहज ओलांडून गेला. लाठीचार्ज हा त्याच अर्थाचा हिंदुस्थानी वंशज, इथल्याच इंग्रजीत घडलेला. त्यात कुणी लाठ्या ‘भरत’ नाही, लाठ्या घेऊन धावून जातात. मराठी पेपर ‘लाठीमार’ लिहितात ते अर्थाच्या दृष्टीनं जास्त प्रामाणिक आहे. मार हा मार असतो. मात्र त्याच्या आधी लागणारं ‘सौम्य’ हे विशेषण पाठीवर घेणाऱ्यांना विचारूनच ठरवावं.

विजेत हा शब्द शिरला तो बाटलीतून

१७४५-४६ मध्ये युरोपात एक चमत्कारिक बाटली तयार झाली. जर्मन भाषिक मुलखात फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडन गावी मुसेनब्रुक, दोघांनी वेगवेगळी ती शोधली. काचेच्या बाटलीत पाणी, त्यात बुडवलेली तार. घासून वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला तार जोडायची आणि यंत्र फिरवायचं. नंतर बाटली एका हातात धरून दुसऱ्या हातानं तारेला शिवलं की सणसणीत झटका. पुढं पाण्याऐवजी बाटलीला आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावू लागले. तिचं नाव लायडन जार.

अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन या बाटलीच्या मागं लागला. १७४७ पासून तो लंडनच्या पीटर कॉलिन्सनला आपल्या प्रयोगांची पत्रं पाठवत होता. त्याची कल्पना अशी: वीज हा एक अदृश्य द्रव आहे, प्रत्येक वस्तूत तो ठरावीक मापात असतो. मापापेक्षा जास्त झाला तर वस्तू ‘प्लस’, कमी पडला तर ‘मायनस’. द्रव म्हटल्यावर तो भरायचा, आणि भरायला शब्द तयारच होता. बाटली ‘चार्ज’ करायची, झटका देऊन ती ‘डिस्चार्ज’ करायची, अगदी बंदुकीसारखी.

तो तिथंच थांबला नाही. खिडकीच्या ११ मोठ्या काचा घेऊन, दोन्ही अंगांना शिशाचे पातळ पत्रे चिकटवून, त्या एकत्र जोडून त्यानं एकदम मोठा झटका देणारी मांडणी केली. तिला नाव दिलं ‘बॅटरी’. तोफखान्यात ओळीनं मांडलेल्या तोफांना बॅटरी म्हणत, तिथून. तो शब्द फ्रेंच ‘बात्र’, म्हणजे बडवणं, यावरून आलेला. म्हणजे मोबाईलवर ‘बॅटरी चार्ज होत आहे’ असं दिसतं तेव्हा शब्दशः बघायचं तर बडवायच्या तोफा ठासून भरणं चाललेलं असतं.

मग बॅटरीत नक्की काय भरतं?

फ्रँकलिनचा द्रव नंतर टिकला नाही. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवला आणि कळलं की तारेतून पळणारे कण ऋण बाजूचे आहेत. फ्रँकलिननं ज्याला जास्त म्हटलं तिथं खरं तर कण कमी होते. तोवर प्लस-मायनस सगळीकडं रुजलं होतं, ते तसंच राहिलं. प्रवाह प्लसकडून मायनसकडं दाखवायचा आणि इलेक्ट्रॉन उलटे जातात असं शिकवायचं, ही अकरावीच्या पोरांची डोकेदुखी त्या चुकीतून आलेली आहे.

बॅटरीबद्दलचा मोठा गैरसमज असा की चार्ज करताना तिच्यात विद्युतप्रभार साठतो. (प्रभार हा पाठ्यपुस्तकातला शब्द, कणांचा धन किंवा ऋण असण्याचा गुण.) तसं होत नाही. चार्जर एका टोकातून जितके इलेक्ट्रॉन काढतो तितकेच दुसऱ्या टोकात घालतो. बॅटरीच्या आत लिथियमचे आयन धन अग्राकडून ऋण अग्राकडं जाऊन बसतात. रिकामी असो की भरलेली, बॅटरीतला एकूण प्रभार शून्यच. भरते ती रासायनिक ऊर्जा. डोंगरावरच्या टाकीत पंपानं पाणी चढवून ठेवण्यासारखं आहे: गावातलं एकूण पाणी तेवढंच, फक्त ते वर नेऊन ठेवलंय, कधीही खाली येऊन चाक फिरवेल.

मग बॅटरीवर ५,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिहिलेलं असतं ते काय? पूर्ण भरताना किंवा रिकामी होताना तिच्यातून किती प्रभार जाऊन-येऊन होतो त्याचं ते माप. ५ अँपिअरचा प्रवाह एक तास, म्हणजे १८,००० कूलोम. आणि लाइट बिलातलं युनिट हे ऊर्जेचं माप. दोन्हींची सांगड घालायला व्होल्ट लागतात. मोबाईलची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची; ५ गुणिले ३.८५ म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. चार्जरमधली गळती धरून २५ धरा. एका युनिटमध्ये १,००० वॉट-तास, म्हणजे मोबाईल सुमारे ४० वेळा पूर्ण भरतो तेव्हा एक युनिट पडतं. पाहुण्यानं चार्जर लावला म्हणून बिल वाढलं ही तक्रार इथं निकालात निघते. स्कूटरचं गणित वेगळं: ३ किलोवॉट-तासांची बॅटरी रिकामी असेल तर एका वेळेला गळतीसह साडेतीन युनिटच्या आसपास जातात.

बॅटरीचं वजन वाढतं का, हेही विचारलं जातं. आइन्स्टाइनच्या सूत्रानं १९ वॉट-तासांचं वजन काढलं तर एका ग्रॅमचा अब्जावा भागसुद्धा भरत नाही. टनांनी भरायच्या गाडीवरून निघालेला शब्द शेवटी इतक्या हलक्या मालावर येऊन पोचला.

चार्जशीट दाखल झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला का?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून चहाच्या टपरीवरही कोर्टाचे शब्द जास्त ऐकू येतात. (सर्किट म्हणजे फेरी. विजेची असो नाहीतर न्यायाधीशांची, शब्द एकच.) सगळ्यात जास्त घोळ चार्जशीटचा होतो.

पोलिसांचा तपास पूर्ण झाला की ते न्यायालयात अहवाल देतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये त्याची तरतूद आहे; ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्याआधी हेच काम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३ करत होतं. या अहवालात आरोपीविरुद्ध पुरावा आहे असं म्हटलेलं असेल तर बोलीभाषेत ती चार्जशीट, मराठीत दोषारोपपत्र. हे पोलिसांचं म्हणणं झालं, न्यायालयाचं नाही.

पुढची पायरी न्यायालयाची. कागदपत्रं बघून, दोन्ही बाजू ऐकून, खटला चालवण्याइतकं काही आहे का हे ठरवलं जातं. नसेल तर आरोपी ‘डिस्चार्ज’ होतो, म्हणजे दोषमुक्त. असेल तर न्यायालय ‘चार्ज’ ठेवतं: कोणत्या कलमाखाली, कोणत्या दिवशी, कुठं, काय केल्याचा आरोप आहे ते लेखी, आरोपीला वाचून दाखवून, समजावून सांगून. याला आरोप निश्चिती म्हणतात. इथंच खरा भार अंगावर ठेवला जातो. त्यानंतर साक्षी-पुरावे, उलटतपासणी आणि निकाल. निकालात सुटला तर ‘निर्दोष मुक्तता’. दोषमुक्ती आणि निर्दोष मुक्तता यांत फरक आहे: पहिल्यात गाडी भरलीच गेली नाही, दुसऱ्यात भरून काट्यावर नेली आणि वजन भरलं नाही.

६० आणि ९० दिवसांची गोष्टही अर्धवट सांगितली जाते. आरोपी कोठडीत असताना ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर त्याला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षं अथवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. मुदत टळली म्हणून प्रकरण संपत नाही. तपास आणि खटला चालूच राहतो.

बिलातले चार्ज

महावितरणच्या बिलावर मराठीत ‘चार्ज’ला ‘आकार’ म्हटलंय: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. त्याच बिलात एक ‘वीज शुल्क’ असतं, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. आकार वीज पुरवणाऱ्या कंपनीचा, शुल्क राज्य सरकारचं. दोन्ही एकाच रकान्याखाली एकत्र होतात म्हणून फरक लक्षात येत नाही.

हॉटेलातला सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांनुसार तो आपोआप बिलात घालता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. द्यायचा की नाही हे जेवणाऱ्यानं ठरवायचं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जास्तीच्या वाटीवर अजून तरी कुणी चार्ज लावलेला नसेल तर तिथंच जेवावं हे बरं.

डिस्चार्ज, म्हणजे उतरवणं

‘डिस’ लावला की गाडी रिकामी. रुग्णाला दवाखान्यातून, आरोपीला खटल्यातून, बॅटरीला विजेतून. जखमेतून पू येतो तोही डिस्चार्ज. कोल्हापूरकरांच्या कानावर मात्र हा शब्द जुलै-ऑगस्टमध्ये जास्त पडतो, ‘विसर्ग’ या मराठी रूपात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एक उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तेव्हा एका दरवाज्यातून सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. धरण आपला भार उतरवतं आणि तो पंचगंगेवर चढतो. एकाचा डिस्चार्ज हा दुसऱ्याचा चार्ज असतो हे इथं दरवर्षी बघायला मिळतं.

पण हे सगळे अर्थ एकाच शब्दाचे कशावरून?

शंका रास्त आहे. इंग्रजीत चेंडू मारायची ‘बॅट’ आणि वटवाघूळ ‘बॅट’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, दोन वेगळे शब्द योगायोगानं एकाच उच्चाराला येऊन थांबले. मराठीत गळ्यातली माळ आणि गुरं चरतात तो माळ तसेच. ‘चार्ज’चं तसं नाही, कारण वाटेतली प्रत्येक पायरी जुन्या लिखाणात सापडते: आधी गाडीचा भार, मग ओझं आणि जबाबदारी, मग पैसे आणि आरोप, मग बंदूक आणि हल्ला, शेवटी अठराव्या शतकात वीज. मधली एखादी कडी दिसली नसती तर पहिलं आणि शेवटचं टोक जुळवणं अवघडच होतं.

दुसरी हरकत उलट बाजूची: मूळ अर्थ गाडी भरणं, तर मग आज विजेला चार्ज म्हणणं चूक नाही का? नाही. मूळ कळलं म्हणून शब्दाला मागं ओढून नेता येत नाही. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला, म्हणून कुणी शेंगतेलाला तेल म्हणायचं सोडलेलं नाही.

मराठीत याला एक शब्द का नाही?

भाषांतर करणाऱ्यांची ही नेहमीची कटकट. कोर्टात दोषारोप, कचेरीत पदभार किंवा कार्यभार, बिलात आकार, शाळेत प्रभार, मैदानात हल्ला. आणि अदलाबदल चालत नाही. लाइट बिलावरचा ‘मंजूर भार’ म्हणजे चार्ज नव्हे, तो लोड, किलोवॉटमध्ये मोजतात. भारनियमनातला भारही तोच. म्हणून पाठ्यपुस्तकानं चार्जला ‘प्र’ लावून प्रभार केलं. एक अक्षर गाळलं की अर्थच बदलतो, आणि परीक्षेत ते अक्षर हमखास गळतं.

पण जरा थांबून बोलण्यातला शब्द बघा. गाडी भरायची. बंदूक भरायची. भट्टी भरायची. लाइट बिल भरायचं. एखाद्यावर खटला भरायचा. राग आला की रागे भरायचं. इंग्रजीनं जे ओझं चार्जवर टाकलं त्यातलं बरंचसं मराठीनं ‘भरणं’वर टाकलेलं आहे. आणि हे ‘भरणं’ संस्कृत ‘भृ’ धातूवरून येतं. त्याचा अर्थ वाहणं, पेलणं. भार, भारा, प्रभारी सगळे त्यातलेच. इंग्रजीतले ओझं पेलण्याचे ‘बेअर’ आणि ‘बर्डन’ हे शब्द आणि फारसीतला तो बंदुकीचा ‘बार’ हेही याच घराण्यातले सख्खे.

भारावरूनच ‘भारी’ झालं. आधी वजनदार, मग महाग, मग उत्तम. भारी साडी, भारी माणूस. आणि एखादी गाडी मापात, तोल सांभाळून, मोळीला मोळी लागून भरली की फडावर उभा असलेला माणूस लांबूनच बघून म्हणतो, “लय भारी भरलीया.”